ठासणीची बंदूक आणि शिकाऊ हात

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या आग्नेय भागात फ्रेंडशिप नावाचे एक छोटे गाव आहे. वर्षातून दोनदा, जून आणि सप्टेंबर महिन्यांत, तिथल्या मैदानावर पांढरा धूर दाटतो आणि गंधकाचा वास हवेत रेंगाळतो. नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन या संस्थेचे हे मैदान. नाव वॉल्टर क्लाइन रेंज. इथे ठासणीच्याच बंदुका चालतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर गोळी ठेवून ती गजाने तळापर्यंत ठासायची आणि मगच बार काढायचा. १९३१ साली ओहायोतल्या पोर्ट्समथ गावी काही हौशी मंडळींनी जुन्या बंदुकांचा एक सामना भरवला. त्यातून १९३३ मध्ये ही संस्था उभी राहिली. नव्वद वर्षांहून अधिक काळ हा छंद तिथे संघटितपणे जपला जातो आहे. मात्र आज या वर्तुळात कुठेही जा, एक विषय हमखास निघतो: केस पिकलेल्या या मंडळींनंतर गज हातात धरणार कोण?

हे केस कधी पिकत गेले, ते आधी पाहायला हवे. १९५४-५५ मध्ये डिस्नेच्या डेव्ही क्रॉकेट मालिकेने अमेरिकेतली मुले वेडी झाली होती. रकूनच्या कातड्याची टोपी घालून ती अंगणात लढाया खेळत. त्याच १९५४ साली टेनेसी राज्यातल्या युनियन सिटीत डिक्सी गन वर्क्स हे जुन्या बंदुका आणि त्यांचे सुटे भाग विकणारे दुकान सुरू झाले. १९६१ ते १९६५ या काळात यादवी युद्धाची शताब्दी साजरी झाली आणि जुन्या बंदुकांच्या इटलीत बनलेल्या हुबेहूब प्रतिकृतींना गिऱ्हाईक मिळाले. १९७० मध्ये थॉम्पसन सेंटर कंपनीने ‘हॉकन’ नावाची रायफल बाजारात आणली, १९७२ मध्ये ‘जेरेमाया जॉन्सन’ हा चित्रपट आला आणि १९७६ मध्ये देशाच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी आली. वीस-बावीस वर्षे ही लाट चालली. तेव्हाची मुले आणि तरुण आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांना या छंदाकडे कुणी ओढून आणावे लागले नव्हते, कारण पडदा, शाळेतला इतिहास आणि आजोबांच्या माळ्यावरची बंदूक तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवत होती. आजच्या मुलाच्या आयुष्यात यातले जवळजवळ काहीच उरलेले नाही. त्याला कुणीतरी हाताला धरून मैदानापर्यंत आणावे लागते.

हे काम आज मुख्यतः तीन ठिकाणी होते.

पहिले ठिकाण म्हणजे फोर-एच. अमेरिकेतल्या कृषी विद्यापीठांच्या विस्तार विभागामार्फत चालणारी ही मुलांची चळवळ. गायी-शेळ्या पाळणे, शिवणकाम, रोबोटिक्स अशा नाना उपक्रमांबरोबर तिच्यात नेमबाजीचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. धनुर्विद्या, रायफल, शॉटगन, पिस्तूल यांच्या पंगतीत ठासणीच्या बंदुकीला तिथे स्वतःचे पान आहे. प्रवेशाचे वय राज्यागणिक बदलते. नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंड इथे होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत ठासणीच्या बंदुकीचे सामने होतात. या कार्यक्रमाची खरी ताकद स्पर्धेत नसून शिक्षकाच्या तयारीत आहे. हौशी काका आला आणि त्याने मुलांना बंदूक दिली, असे तिथे चालत नाही. ज्या प्रकारची बंदूक शिकवायची त्याच प्रकारचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणित व्हावे लागते.

दुसरे ठिकाण स्काऊट. रायफल नेमबाजीचा जो ‘मेरिट बॅज’ स्काऊट मिळवतो, त्याला तीन वाटा आहेत: आधुनिक रायफल, हवेची रायफल आणि ठासणीची रायफल. तिसरी वाट निवडणाऱ्या मुलाला दारूचे प्रकार, गोळी, चिंधी, बार न उडाल्यास काय करायचे आणि शेवटी बंदुकीची सफाई हे सगळे समजावून सांगावे लागते, करूनही दाखवावे लागते. त्याहून लहान वयाच्या कब स्काऊटना मात्र छर्ऱ्याची हवाई बंदूक, गलोल आणि धनुष्यबाण एवढीच मुभा आहे. ही पायरी योग्य आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती दारू देण्याची घाई करणाऱ्या पालकांनी ती जरूर लक्षात घ्यावी.

तिसरे ठिकाण म्हणजे खुद्द या छंदातले क्लब आणि मेळे. फ्रेंडशिपच्या सामन्यांत मुलांचे स्वतंत्र वयोगट असतात. व्हर्जिनियातल्या विंचेस्टरजवळ फोर्ट शेनंडोआ इथे १९५० पासूनची नॉर्थ-साऊथ स्कर्मिश असोसिएशन यादवी युद्धकाळातल्या बंदुकांचे सांघिक सामने भरवते, आणि सामन्याला सगळे घरच्या घर लोटते. याखेरीज रॉकी पर्वतातल्या कातडी-व्यापाऱ्यांच्या १८२५ ते १८४० या काळातल्या वार्षिक जत्रांची आठवण म्हणून ठिकठिकाणी ‘राँदेव्हू’ भरतात. तिथे मुले तंबूत राहतात, गारगोटी आणि पोलादाने जाळ करायला शिकतात, लाकडाच्या ओंडक्यावर कुऱ्हाड फेकतात आणि मग कधीतरी बंदुकीकडे वळतात. बंदूक तिथे एकटी येत नाही, एका जगण्याचा भाग म्हणून येते. ज्या मुलांना फक्त आवाजाचे आकर्षण असते ती लवकर पांगतात. ज्यांना ते जग आवडते ती टिकतात.

मुळात ठासणीच्या बंदुकीनेच नेमबाजी का शिकवावी? काडतुसाची छोटी रायफल स्वस्त पडते, सोपी असते, अचूकही असते. याचे उत्तर एका बाराच्या तयारीकडे जवळून पाहिले की मिळते.

बारा-तेरा वर्षांची मुलगी आहे असे समजू. बंदूक उभी, दस्ता जमिनीवर, नळीचे तोंड चेहऱ्यापासून दूर. आधी ती गज नळीत सोडून पाहते. गजावर दोन खुणा केलेल्या असतात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. गज रिकाम्या खुणेपर्यंत गेला म्हणजे आत काही नाही. मग ती मापात दारू घेते. दारूच्या शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत ओतायचे नाही, हा इथला पहिला कायदा. कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत जिवंत असली तर मापभर दारू भडकणे आणि शिंगभर दारू हातात फुटणे यात जीवन-मरणाचा फरक आहे. मग नळीच्या तोंडावर तेलकट सुती चिंधी, तिच्यावर शिशाची गोल गोळी. गोळी नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान असते. उरलेली फट चिंधी भरून काढते आणि नळीतल्या आट्यांची पकड घेते. आखूड दांडीने गोळी आत दाबायची, मग गज छोट्या छोट्या टप्प्यांत धरून खाली न्यायचा. गजाच्या टोकाशी हात धरून जोर लावला आणि तो मोडला, तर चिरफळी तळहातात घुसते. भरल्याची खूण नळीच्या तोंडाशी आली की गोळी दारूवर नीट बसली. मधे पोकळी राहिली तर नळी फाटू शकते, म्हणून ही खूण डोळ्यांनी पाहायची, अंदाजाने नाही. एवढे झाल्यावर निशाणाच्या रेषेवर जायचे, तिथे टोपी (घोड्याच्या आघाताने फुटणारी छोटी स्फोटक कुपी) चढवायची किंवा रंजक (पेटवणीची बारीक दारू) घालायचे, आणि मग नेम.

या सगळ्याला नवशिक्याच्या हाताने काही मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तिने सात-आठ निर्णय स्वतः घेतलेले असतात. गोळी चुकली तर दोष शोधायलाही तितक्याच जागा असतात: दारू कमी पडली, चिंधी फाटली, गज पुरता गेला नाही की चाप ओढताना खांदा हलला. उडून पडलेली चिंधी उचलून पाहिली तरी बरेच कळते. ती जळून भोके पडली असतील तर तेल कमी किंवा कापड पातळ. कडा झिजून मधोमध शाबूत असेल तर सगळे ठीक. काडतुसाची बंदूक मुलाला नेम शिकवते. ही बंदूक कारण आणि परिणाम शिकवते. अनुभवी शिक्षक या छंदाची बाजू मांडतात ती याच मुद्द्यावर, आणि ती पटण्यासारखी आहे.

म्हणूनच जत्रेतल्या एका प्रथेबद्दल स्पष्ट लिहायला हवे. मुलांची लांब रांग, एक मोठा माणूस भराभर बंदुका भरतो आहे, मूल येते, चाप ओढते, धूर निघतो, आईवडील फोटो घेतात, पुढचा नंबर. आयोजकांचा हेतू चांगलाच असतो. एका दिवसात शंभर मुलांना चव द्यायची असते. पण चव मिळते ती फक्त आवाजाची. ज्या कामासाठी ही बंदूक शिकवायची, ते काम मुलाच्या हातून काढून घेतले जाते. शंभर मुलांनी एकेक चाप ओढण्यापेक्षा दहा मुलांनी तीन-तीन बार स्वतः भरणे कितीतरी मोलाचे. त्यासाठी एका मुलामागे एक जाणता माणूस लागतो, आणि मेळे अडतात ते तिथेच. बंदुका मिळतात, जागा मिळते, शिकवणारे मिळत नाहीत.

मुलाच्या मापाची बंदूक हा पुढचा अडथळा. पेन्सिल्व्हेनियात अठराव्या शतकात घडलेल्या लांब रायफलची नळीच साडेतीन फुटांच्या आसपास असते, अख्खी बंदूक पाच फुटांच्या घरात जाते. ती मुलाच्या खांद्याला लावली की तोल पुढे जातो, पाठ मागे वाकते आणि नेम कधीच स्थिर होत नाही. मग मुलाला वाटते, आपल्यालाच जमत नाही. खरे तर दस्ता लांब आणि नळी जड असते. आखूड दस्ता, कमी व्यासाची नळी आणि टेकू, एवढ्याने चित्र बदलते. व्यासाचा फरक आकड्यांत पाहावा. प्रौढांमध्ये लोकप्रिय असलेल्या ०.५० इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटर व्यासाच्या रायफलची गोळी सुमारे साडेअकरा ग्रॅम भरते. ०.३२ इंची रायफलची गोळी तीन ग्रॅमच्या आसपास, आणि तिला सव्वा ग्रॅम दारू पुरते. खारी मारण्यासाठी डोंगराळ भागातले लोक असल्याच बारीक नळीच्या रायफली वापरत. धक्का जवळजवळ जाणवत नाही, शिसे आणि दारू कमी लागते. ०.५० इंची बंदूकच असेल तर निम्मी दारू घालूनही पंचवीस यार्डांवरचे निशाण सहज लागते. मापाने दारू घालण्याचा हा फायदा काडतुसात नाही, कारण तिथे धक्का कारखान्यात ठरून येतो.

मुलाची पहिली बंदूक चकमकीची असावी की टोपीची, यावर जुन्या जाणत्यांत एकमत नाही. टोपीची बंदूक लगेच उडते, पावसाळी हवेत कमी रुसते. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटते, ठिणग्या रंजकाच्या वाटीत पडतात, तिथला जाळ कान्यातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, आत जातो आणि मग मुख्य दारू पेटते. डोळ्यांजवळ आधी भडका होतो, म्हणून नवशिका दचकतो आणि नेम सुटतो. यावर एक साधा उपाय आहे. आधी गारगोटीऐवजी लाकडाचा तुकडा बसवून नुसता चाप ओढायचा सराव. मग नळी रिकामी ठेवून फक्त वाटीत रंजक घालून भडका पाहण्याचा सराव. आठ-दहा भडके शांतपणे पाहिले की दचकणे जाते. पहिल्या दिवशी टोपी आणि चटक लागल्यावर चकमक, हा क्रम सर्वांत शहाणपणाचा वाटतो. चकमकीच्या बाजूने अलीकडे एक व्यावहारिक मुद्दाही पुढे आला आहे. करोनाच्या काळात टोप्यांची तीव्र टंचाई झाली, तेव्हा गारगोटीवाले निवांत होते. अर्थात दारूची चिंता दोघांनाही चुकली नाही. २०२१ मध्ये लुइझियानातला गोएक्स हा दारूचा कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्या छंदाचा श्वास अडकला होता. पुढच्या वर्षी एस्टेस या कंपनीने तो घेतला.

आता धोक्याचे. २०२० मध्ये अमेरिकेत एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बंदूक ठरले. मोटार अपघात त्यामागे पडले. ज्या देशात ही स्थिती आहे, तिथे मुलांना बंदूक शिकवण्याचा विषय नुसत्या हौसेच्या सुरात मांडता येत नाही. ठासणीची बंदूक एका वेळी एकदाच उडते, भरायला वेळ लागतो, हे खरे. पण तिच्या जवळ उघडी दारू असते, आणि ती काडतुसाच्या दारूपेक्षा लहरी. सोरा ७५ टक्के, कोळसा १५ आणि गंधक १० हे मिश्रण बंदिस्त नसतानाही ठिणगीने भडकते. त्यात कधी आधुनिक धूरविरहित दारू चुकून घातली गेली तर नळी फुटते. मैदानावर विडी-सिगारेट नाही, दारूचा डबा प्रत्येक वेळी बंद करून रेषेमागे. चकमकीच्या बंदुकीच्या उजव्या बाजूला कुणी उभे राहायचे नाही, कारण कान्यातून आगीची पिचकारी तिकडेच निघते. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे, बघ्यांनाही.

आणि फुसका बार. चाप ओढला, टोपी फुटली, बंदूक उडाली नाही. मुलाची पहिली ओढ म्हणजे बंदूक फिरवून पाहणे, ‘काय झाले हिला?’ हाच सर्वांत घातक क्षण. दारू आत धुमसत असू शकते. तोंड निशाणाकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबायचे, हे मुलाच्या अंगवळणी पडेपर्यंत खोट्या बारावर घोटून घ्यावे लागते. बऱ्याचदा कारण साधे असते: बोलण्याच्या नादात दारू घालायचीच राहिली आणि नुसती गोळी ठासली गेली. तेव्हा गोळी बाहेर काढण्याचे काम शिक्षकाचे. शिशाचाही विचार हवा. गोळ्या हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नाही, आणि शिसे वितळवून गोळ्या ओतण्याच्या जागी लहान मुले नकोत.

या छंदाला आतून पोखरणारा एक वादही आहे. १९७४ मध्ये पेन्सिल्व्हेनियाने फक्त चकमकीच्या बंदुकीसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम सुरू केला. नाताळनंतरच्या थंडीतला तो हंगाम आजही भरतो. इतर राज्यांनीही असे हंगाम ठेवले. १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी ‘इन-लाइन’ रायफल आणली आणि ठासणीच्या बंदुकीला आधुनिक रायफलचे रूप मिळाले. आता दारूच्या घडीव वड्या, प्लास्टिकच्या वेष्टनातली गोळी आणि दुर्बीण लावून ती वापरता येते. कोलोरॅडोसारखे राज्य या हंगामात दुर्बीण आणि दारूच्या वड्या दोन्ही नाकारते, इतरत्र बरीच मोकळीक आहे. पुष्कळ मुले आज याच बंदुकीने ठासणीच्या जगात शिरतात. परंपरावाले यावर नाक मुरडतात. ते थोडे चुकते. वडिलांच्या इन-लाइनने सुरुवात करून पुढे गारगोटीकडे वळलेला मुलगा कुणाचे काही बिघडवत नाही. मात्र शिकारीचा जादा आठवडा मिळावा एवढ्यासाठीच जी बंदूक घेतली जाते, ती हंगाम संपला की कपाटात जाते आणि तिच्याबरोबर मुलाची उत्सुकताही. परंपरेच्या भवितव्यासाठी त्या बंदुकीवर विसंबणे शहाणपणाचे नाही.

त्यापेक्षा आशादायक गोष्ट कारागिरीच्या बाजूला घडते आहे. केंटकीतल्या बोलिंग ग्रीन इथे विद्यापीठाच्या साहाय्याने बंदूक घडवण्याच्या कार्यशाळा वर्षानुवर्षे चालल्या. १९९६ पासून कंटेम्पररी लाँगरायफल असोसिएशन आजच्या कारागिरांचे काम लोकांपुढे ठेवते. अर्धवट घडवलेले सुटे भाग घेऊन घरी बंदूक पुरी करण्याची सोय झाल्यामुळे पंधरा-सोळा वर्षांची मुले लाकूड घासणे, पितळ बसवणे, पोलादाला रंग चढवणे स्वतः करतात. स्वतः घासलेल्या दस्त्याची बंदूक कुणी सहजासहजी टाकून देत नाही. सामन्याला न येणारे मूल सुतारकामाच्या बाकापाशी येते, हे क्लबांनी ओळखायला हवे.

कायद्याने अमेरिकेत ही वाट रुंद ठेवली आहे. १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ पर्यंतच्या बंदुका आणि काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या प्रतिकृती सामान्य शस्त्रांच्या व्याख्येत येत नाहीत. काही राज्यांचे नियम त्याहून कडक आहेत. आपल्याकडे चित्र अगदी वेगळे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने एकवीस वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगायला मनाई आहे, अपवाद फक्त ठरवून दिलेल्या अटींखालच्या प्रशिक्षणाचा. त्याच कायद्याने ठासणीच्या बंदुकीला शेतीसंरक्षणाचे हत्यार म्हणून वेगळी जागा दिली, आणि कोकणात ती रानडुकरे-माकडांपासून बागा राखण्यासाठी आजही परवान्यावर घरांत आहे. तिथे तिचा सराव मैदानावर होत नाही, आणि रानात चोरट्या शिकारीत ती चुकून उडाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. ती शिकवण्याची रीतसर व्यवस्था नसली की काय होते, ते या बातम्या सांगतात. मराठी मुलांची नेमबाजी सुरू होते ती हवेच्या रायफलपासून, आणि त्या वाटेने कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिक पदकापर्यंत पोहोचला. ती वाट सोडून दुसरी शोधण्याचे इथे कारण नाही.

पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुले स्काऊटच्या शिबिरांना जातात, आणि तिथल्या उन्हाळ्यात एखाद्या दिवशी त्यांच्यासमोर ही बंदूक येऊ शकते. पालकांनी घाबरून हात मागे घेऊ नये, डोळे झाकून संमतीपत्रावर सहीही करू नये. शिकवणारा ठासणीच्या बंदुकीसाठीच प्रमाणित आहे का, रेषेवर एका मुलामागे किती मोठी माणसे असतात, बार फुसका गेला तर काय करायचे हे आधी शिकवतात का आणि संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुण्याचे काम मुलांकडे असते का, एवढे विचारावे. शेवटी विचारावे की बंदूक भरतो कोण. ‘आम्हीच भरून देतो, मुलांनी फक्त चाप ओढायचा’ असे उत्तर आले, तर दुसरे शिबिर शोधावे.